जिनिंगमधला आवाज

चौकात त्या संध्याकाळी अकरा भोंगे होते. सहा व्यासपीठामागच्या बांबूंवर, दोन टपाल कचेरीच्या गच्चीवर, तीन लिंबाच्या झाडावर. व्यासपीठाच्या फळ्यांखाली जी पोकळ जागा होती तिथे दोन अँप्लिफायर, ट्रकच्या चार बॅटऱ्या, एक टेपरेकॉर्डर, एक स्टूल आणि स्टुलावर नजीरभाई. मी मोजत होते, कारण मला एक गोष्ट जुळत नव्हती.

"नजीरभाई, चौक भरायला सहा पुष्कळ झाले. हे बाकीचे कशाला?"

"मॅडम, लग्न असो की सभा, गिऱ्हाईक वाढवा म्हणतं, आपण वाढवायचे."

"आणि लिंबावरचे तिन्ही उलटे का? तोंडं कुंभारवाड्याकडे आहेत. माणसं तर इकडे बसलीत."

त्यांनी फळ्यांच्या फटीतून वर पाहिलं. "मी सकाळी चौकाकडे तोंड करून बांधले होते. गजानं फिरवले असतील." मग हसले. "त्याला वाटत असेल, कुंभारांना घरबसल्या भाषण. तुम्ही पण ना, भोंगे मोजता. कॉलेजात पोरांना वीज शिकवायची आणि काकूंच्या घरचा फ्यूज गेला की मला बोलवायचं."

नजीरभाई म्हणजे 'सरगम साउंड सर्व्हिस'. गावातलं लग्न, कीर्तन, उरूस, प्रचारसभा, सगळ्याला आवाज त्यांचा. मी कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून लागून दीड वर्ष झालं होतं. त्यांच्या अँप्लिफायरचा एक ट्रान्सफॉर्मर सारखा जळायचा, तो मी प्रयोगशाळेत तपासून दिला, तेव्हापासून ओळख. सभेला मी भाषणासाठी गेले नव्हते. नवा अँप्लिफायर पूर्ण आवाजावर किती तापतो, ते मला पाहायचं होतं.

नगरपालिकेची निवडणूक तोंडावर होती आणि गाव महिनाभर एकाच गोष्टीबद्दल बोलत होतं. बापूसाहेब निंबोरे यांच्या 'वज्रघोष' साप्ताहिकात पहिल्या पानावर काळ्या चौकटीत छापून आलं होतं, की आपल्यातली एक मुलगी नाहीशी झाली आहे आणि मोमीनपुऱ्यामागच्या कापसाच्या बंद जिनिंगमध्ये तिला कोंडून ठेवलं आहे. पुढच्या आठवड्यात चौकट मोठी झाली. तिसऱ्या आठवड्यात छापलं, की तिथून रात्री ओरडणं ऐकू येतं. पोलीस जाऊन जिनिंग बघून आले. आत कबुतरं होती आणि सरकीची पोती. चौथ्या चौकटीत आलं, की पोलीसही त्यांना मिळालेले आहेत.

मी ज्यांच्याकडे खोली घेऊन राहत होते त्या सरूकाकूंना मी विचारलं होतं, "काकू, त्या मुलीचं नाव काय?"

काकू लसूण सोलत होत्या. त्यांचा हात थांबला. "असं विचारतात का गं? मुलीची जात. नाव फुटलं तर तिच्या आईबापानं कुठं तोंड दाखवायचं?"

"पण कुणाच्या तरी घरातली असेल ना? त्या घरी जाऊन विचारलं तर कळेल, खरंच गेली का."

"तू एवढी शिकलेली, आणि तुला एवढं कळू नये?"

मी दूधवाल्याला विचारलं, कॉलेजच्या शिपायाला विचारलं, इतिहासाच्या सरांना विचारलं. दूधवाला म्हणाला, शिपायाच्या गल्लीतली आहे. शिपाई म्हणाला, कुंभारवाड्यातली. सरांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "ढवळे मॅडम, काही गोष्टी खोदून विचारायच्या नसतात. निदान बाईमाणसानं तरी." नाव विचारणं हीच बेअब्रू, हे सगळ्यांना मान्य होतं. त्यामुळे नाव कुणालाच ठाऊक नव्हतं आणि प्रत्येकाला वाटत होतं, की दुसऱ्याला ठाऊक आहे.

गजा मोकाशे वाकून फळ्यांखाली आला. बापूसाहेबांचा उजवा हात. गोरापान, नीटनेटका, शर्टाच्या खिशाला दोन पेनं.

"काय चाचा, मशीन तयार?"

"तयार."

त्यानं कॅसेट पुढे केली. "बापूसाहेब बोलता बोलता हात वर करतील. हात वर झाला की ही लावायची. सगळे भोंगे चालू, आवाज पूर्ण."

"काय आहे हिच्यात?"

"गाणी," गजा म्हणाला आणि माझ्याकडे पाहून हसला. "मॅडम, तुम्ही वर बायकांत बसा की. बॅटरीचं ॲसिड उडेल साडीवर."

"साडी जुनीच आहे."

"मग चाचा, तुम्ही उठा. आमचा माणूस लावेल. तुमची नमाजाची वेळ झाली."

"मशीन माझं आहे, गजाभाऊ. उद्या बिघडलं तर म्हणाल, नजीरनं दिलंच तसं. मी बसतो."

गजानं क्षणभर विचार केला. "बसा मग," तो म्हणाला. "बसायचंच असेल तर बसा."

बापूसाहेबांचा आवाज मऊ होता. मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होते. ओरडतील असं वाटलं होतं, पण घरात कुणी आजारी असावं तसे ते हळू बोलत होते. "मी तुम्हाला काही करा असं सांगायला आलेलो नाही. मी फक्त विचारतो. तुम्हाला रात्री झोप लागते का? मला लागत नाही. मला ऐकू येतं." ते थांबले. "तुम्हाला येतं का ऐकू?"

मागून कुणीतरी म्हणालं, येतं. मग उजवीकडून दोघं. मग एक बाई. हळूहळू सगळा चौक म्हणू लागला, येतं, येतं, आणि आमच्या डोक्यावरच्या फळ्या थरथरायला लागल्या.

"आमच्या पोरांनी जीव धोक्यात घालून, जिनिंगच्या भिंतीला चिकटून हे टिपून आणलंय. आयाबहिणींनो, मला क्षमा करा. पण आज ऐकाच."

हात वर झालेला फटीतून दिसला. नजीरभाईंनी कॅसेट चालू केली.

आधी नुसती खरखर. मग काहीतरी धातूचं आदळलं आणि एका बाईची किंकाळी आली. अकरा भोंग्यांतून ती आली तेव्हा माझ्या छातीच्या फासळ्यांना तिचा धक्का जाणवला. पुन्हा धातूचा आवाज, पुन्हा किंकाळी.

"या अल्लाह," नजीरभाई पुटपुटले. "ही कोण?"

तिसऱ्यांदा आली तेव्हा मी सवयीनं अंतर मोजलं. चौथ्यांदा आली तेव्हा ते तेवढंच भरलं. माणूस असा सारख्या अंतरानं ओरडत नाही. पाचव्यांदा तो धातूचा आवाज झाला आणि माझ्या डाव्या पायाचा अंगठा दुखला. आधी अंगठा दुखला, मग मला कळलं.

फेब्रुवारीत कॉलेजच्या संमेलनात एक नाटक झालं होतं. त्यात वादळ होतं. पडद्यामागे पत्र्याची मोठी पाटी टांगून ती हलवली की गडगडाट होतो, ते काम माझ्याकडे होतं. नेमकी दोरी तुटली आणि पत्रा माझ्या पायावर आला. मी जी किंकाळी मारली, ती प्रेक्षकांना नाटकातली वाटली. टाळ्या पडल्या होत्या.

"नजीरभाई, हा पत्रा आहे."

"काय?"

"संमेलनातला. पायावर पडलेला. ही मी आहे."

त्यांनी मान तिरकी करून सहावी किंकाळी ऐकली. "प्रिन्सिपलसाहेबांसाठी मीच टेप केलं होतं," ते हळू म्हणाले. "गजा घेऊन गेला ती कॅसेट. म्हणाला, बहिणीचा नाच आहे, घरी बघू... घरी ऐकू." आणि त्यांनी बटण दाबून टेप बंद केला.

लिंबापलीकडून, कुंभारवाड्याच्या बाजूनं, माणसं पळत येत असल्याचा आवाज येत होता. त्यांनी भाषण ऐकलंच नव्हतं. त्यांनी फक्त किंकाळ्या ऐकल्या होत्या.

"तुम्ही वर जा," नजीरभाई म्हणाले. "माईक चालू आहे. सांगा त्यांना. तुमचं ऐकतील."

गजा दोन माणसांना घेऊन खाली येत होता. मी त्यांच्या बाजूनं निसटून बाहेर पडले, पायऱ्या चढले आणि बापूसाहेबांना आडवी येऊन माईकसमोर उभी राहिले. इतके चेहरे मी एकत्र कधी पाहिले नव्हते. पुरुष रडत होते.

"थांबा," मी म्हणाले. "हा आवाज माझा आहे."

भोंग्यांतून माझाच आवाज माझ्यावर परत आला. मी पुढे बोलले. संमेलनातला आहे, नाटकातला आहे, माझ्या पायावर पत्रा पडला होता. पण ते परत आलं नाही. खाली कुणीतरी माईकचं बटण फिरवलं होतं. माझे ओठ हलत होते आणि चौकाला काही ऐकू येत नव्हतं.

बापूसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. तेवढा वेळ पुरला त्यांना. त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. मग आपल्या अंगावरची शाल काढून माझ्या खांद्यांवर घातली, दोन्ही टोकं पुढे ओढून घेतली आणि माईककडे वळले. माईक पुन्हा चालू झाला होता.

"आता कुणाला," ते हळू म्हणाले, "नाव विचारायचं आहे?"

त्यानंतर चौकात जे उठलं त्याला मी आवाज म्हणणार नाही. बांबू उपटले गेले. पानटपरीच्या फळ्या, सायकलीचे पंप, हाताला येईल ते. कुंभारवाड्यातून आलेली माणसं चौकात न थांबता तशीच मोमीनपुऱ्याच्या रस्त्याला लागली. मला बायकांनी पायऱ्यांवरून उचलूनच खाली घेतलं. दहा-बारा जणी असतील. त्यांनी मला मध्ये घेतलं, कुणी डोक्यावर पदर टाकला, कुणी पाणी पाजायला लागलं. सरूकाकू पुढे होत्या.

"काकू, मी तुमच्या घरात राहते. तुम्हाला माहीत आहे मी कुठे गेले नाही. रोज तुमच्या हातचं जेवते मी."

"गप बाळा, गप. काही बोलू नकोस."

"नाटकातला आवाज आहे काकू. पत्रा पडला होता. तुम्हीच हळद लावलीत अंगठ्याला."

काकू रडत होत्या. "म्हणून रात्र रात्र दिवा लावून बसायचीस होय. मला मेलीला वाटायचं, अभ्यास करतेस."

"डोक्यावर परिणाम झालाय पोरीच्या," मागची एक म्हणाली. "होणारच."

तेवढ्यात फळ्यांखालून नजीरभाईंना बाहेर ओढलं. माझ्यापासून ते चार हातांवर होते. सदरा फाटला होता आणि एक चप्पल पायात होती. मारणाऱ्यांतले निम्मे त्यांना ओळखत होते. त्यांच्या लग्नांत नजीरभाई पहाटेपर्यंत जागले होते.

"मॅडमला विचारा," ते म्हणत होते. "अरे, ढवळे मॅडमला विचारा. त्या सांगतील."

"मॅडमनीच सांगितलं," एक जण म्हणाला, आणि माईकचा लोखंडी स्टँड त्यांच्या तोंडावर बसला.

मी ओरडले. त्या दिवशी पहिल्यांदा खरी ओरडले. काकूंनी मला छातीशी घट्ट धरलं आणि तळहात माझ्या तोंडावर ठेवला. हाताला लसणाचा वास होता. मी त्या हाताला कडकडून चावले. रक्त माझ्या जिभेवर आलं, तरी त्यांनी हात काढला नाही. "चाव," त्या म्हणत होत्या, "चाव बाई, मोकळी हो." त्यांच्या खांद्यावरून मला दिसत होतं. नजीरभाई गुडघ्यांवर आले. स्टँड दुसऱ्यांदा मानेवर बसला. ते पालथे झाले तेव्हा कुणीतरी ट्रकची एक बॅटरी उचलून आणली आणि दोन्ही हातांनी वरून त्यांच्या डोक्यावर टाकली. ॲसिड सांडलं, जमीन फसफसली. ज्यानं बॅटरी टाकली त्याच्या पायावर थेंब उडाले, तो एका पायावर नाचत शिव्या देऊ लागला, आणि शेजारचा त्याला हसला. मग दोघंही मोमीनपुऱ्याकडे पळाले.

चौक रिकामा झाला. बायकाच राहिल्या, आणि बापूसाहेबांची मोटर गेली तिची धूळ. कुणीतरी जाताना टेप पुन्हा चालू केला होता. किंकाळ्या एकामागून एक येत राहिल्या, आणि मोमीनपुऱ्याच्या बाजूनं येणाऱ्या किंकाळ्या त्यांत मिसळायला लागल्या. त्या सारख्या अंतरानं येत नव्हत्या. दोन्हींतला फरक मला स्पष्ट कळत होता आणि तो सांगायला मला कुणी नव्हतं.

पश्चिमेला आधी पांढरा धूर आला, मग काळा. काळा धूर सरकीच्या तेलाचा. जिनिंगला आग लागली होती. कॅसेटवरच्या किंकाळ्या संपल्या आणि तिच्यावर पूर्वी भरलेलं काहीतरी उरलं होतं ते सुरू झालं. कुणाच्या तरी लग्नातल्या मंगलाष्टका होत्या. भटजींचा आवाज किनरा होता आणि मागे लहान मुलं गोंगाट करत होती. पाच-सहा मिनिटं त्या उरलेल्या भोंग्यांतून गावभर चालल्या. कुणी बंद करायला गेलं नाही. शेवटी बॅटऱ्या अपुऱ्या पडून भटजींचा आवाज जाडा, संथ होत होत थांबला.

मोमीनपुऱ्यात चौदा माणसं गेली. त्यांत सहा बायका होत्या आणि एक पाळण्यातलं मूल होतं. नजीरभाई पंधरावे. जिनिंगमध्ये दोघं जळाले, ते कुंभारवाड्यातले सख्खे भाऊ होते. पेटलेल्या पोत्यांत शिरून ते मुलीला शोधत होते. काय नावानं हाक मारायची हे ठाऊक नसल्यामुळे ते नुसतं "ताई, ताई" म्हणत होते, असं बाहेर उभ्या असलेल्यांनी नंतर सांगितलं.

निवडणूक पुढे ढकलली आणि मग झाली. बापूसाहेब नगराध्यक्ष झाले. आठ महिन्यांनी चौकशीसाठी एक निवृत्त जिल्हा न्यायाधीश आले. तहसील कचेरीच्या मागच्या खोलीत साक्षी चालायच्या. मी सगळं सांगितलं. कॅसेट कुठेच सापडली नव्हती.

बापूसाहेबांच्या वकिलांनी मला फार त्रास दिला नाही. "समजा, कॅसेट बनावट होती," ते सौम्यपणे म्हणाले. "आवाज बाईंचा होता, असंही समजू. पण त्याच्या कितीतरी आधी लोकांनी स्वतःच्या कानांनी जिनिंगमधून ओरडणं ऐकलं, त्याचं काय? एक्केचाळीस साक्षीदार आहेत. हे सगळे खोटं बोलतात?"

बाविसाव्या साक्षीदार सरूकाकू होत्या. हातावर माझ्या दातांचा व्रण होता, तो पदराखाली झाकून त्या उभ्या राहिल्या. "गुरुवारी," त्या म्हणाल्या. "देवापुढे दिवा लावत होते. जिनिंगच्या बाजूनं आवाज आला. बाईचाच होता. माझ्या हातातली काडी विझली." वकिलांनी विचारलं, शपथेवर सांगता? काकू म्हणाल्या, "देवापुढे उभी होते म्हणाले ना."

काकू खोटं बोलत नव्हत्या. त्या रात्रीनंतरही मी त्यांच्याच घरी राहत होते, दुसरीकडे मला कुणी खोली दिली नसती. काकू मला ओळखतात त्याहून मी त्यांना जास्त ओळखते.

न्यायाधीशांनी टेबलावरचा कागद बाजूला सारला आणि माझ्याकडे पाहिलं. "ढवळे बाई, तुम्ही विज्ञानाच्या. हे कसं तपासायचं?"

मी सांगितलं. वकिलांनी हरकत घेतली नाही. त्यांना वाटलं, त्यात त्यांचाच फायदा आहे.

शनिवारी संध्याकाळी, दिवेलागणीला, मी जळक्या जिनिंगच्या दाराशी जाऊन उभी राहिले. माझ्याबरोबर न्यायाधीश आणि त्यांचा शिपाई होते. काकू चौकातल्या आपल्या घराच्या उंबऱ्यावर बसल्या होत्या. त्यांच्याबरोबर कचेरीचा कारकून घड्याळ घेऊन. मधलं अंतर साखळीनं मोजलेलं होतं, सोळाशे दहा मीटर. निघताना काकूंनी माझ्या हातात खडीसाखर ठेवली होती. "घशाला घे," त्या म्हणाल्या होत्या. "आणि तिथं पुन्हा एकटी आत जाऊ नकोस गं."

वीस वेळा, दर मिनिटाला एकदा, कारकून काकूंना विचारणार होता, आलं का ऐकू? त्यांतल्या दहा वेळा मी ओरडायचं होतं आणि दहा वेळा गप्प उभं राहायचं होतं. कोणत्या वेळी काय, ते न्यायाधीशांनी चिठ्ठ्या टाकून ठरवलं. चौकात ते कुणालाच ठाऊक नव्हतं. वारा पडलेला होता. दहाव्या ओरडण्यानंतर माझ्या घशातून आवाज निघेना, पण तेवढ्यात काम झालं होतं.

काकूंना सतरा वेळा ऐकू आलं. मी ओरडले होते त्यांपैकी नऊ वेळा. गप्प होते त्यांपैकी आठ वेळा.